अक्षरांवर उजेड पाडण्याची रीत : इमेज एडिटरमध्ये सोनेरी, उठावदार मजकूर

सजावटी मजकूर फसतो तो इफेक्ट कमी पडल्यामुळे क्वचितच. बहुतेक वेळा प्रत्येक इफेक्टने आपापला वेगळा दिवा गृहीत धरलेला असतो. अक्षराची कड डावीकडून उजळलेली असते आणि सावलीही डावीकडेच पडलेली असते. अंगावरची चमक वरून आलेली असते आणि भोवतीचे तेज मात्र चारही बाजूंनी सारखेच पसरलेले असते. पाहणाऱ्याला नेमके काय चुकले ते सांगता येत नाही, पण अक्षर खोटे वाटते. म्हणून माउसला हात लावण्यापूर्वी एक निर्णय घ्यावा आणि तो कागदावर लिहून ठेवावा : उजेड कुठून येतो आहे? या लेखापुरता तो वरून, किंचित डावीकडून येतो असे धरले आहे. पुढची प्रत्येक पायरी याच वाक्याला बांधलेली आहे.

उदाहरणासाठी ‘क्षितिज’ हा शब्द घेतला आहे. त्यात जोडाक्षर आहे, दोन ऱ्हस्व वेलांट्या आहेत आणि शिरोरेषा सलग आहे, त्यामुळे देवनागरीच्या बहुतेक अडचणी या एका शब्दात भेटतात. मुख्य पायऱ्या गिम्प या मोफत सॉफ्टवेअरमध्ये दिल्या आहेत, कारण मार्च 2025 मध्ये आलेल्या त्याच्या 3.0 या आवृत्तीपासून मजकूर किंवा लेयर (चित्राचा एकावर एक रचलेल्या पारदर्शक कागदांसारखा थर) कायमचा न बदलता त्यावर इफेक्ट लावता येतात आणि ते नंतर केव्हाही उघडून सुधारता येतात. फोटोशॉप वापरणाऱ्यांसाठी तेच काम कसे होते ते पुढे स्वतंत्रपणे सांगितले आहे.

कॅनव्हास आणि फाँट

‘फाइल’ मेनूतून 2400 × 1200 पिक्सेलची नवी प्रतिमा उघडावी आणि पार्श्वभूमीला गडद, पण पूर्ण काळा नसलेला रंग भरावा. लाल-हिरवा-निळा यांची मूल्ये 28, 34, 48 अशी ठेवल्यास सोनेरी रंग चांगला उठतो. त्यानंतर ‘इमेज’ मेनूतील ‘प्रिसिजन’मध्ये जाऊन 16 बिटचा पर्याय निवडावा. 8 बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या 256च पायऱ्या असतात, त्यामुळे रुंद आणि मंद छटांमध्ये पट्टे दिसू लागतात. हे पट्टे एकदा पडले की नंतर पुसणे फार कष्टाचे होते.

फाँट युनिकोड असावा आणि जाड असावा. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेला मजकूर फाँट बदलताच अगम्य चिन्हांत बदलतो, हे एक कारण. दुसरे म्हणजे उठाव देताना दोन्ही कडांवरून थोडी थोडी जागा खर्च होते, आणि बारीक अक्षरात मधला सपाट भाग उरतच नाही. ‘बलू’ किंवा ‘मुक्त’ या मुक्त परवान्याच्या फाँटमधली जाड वजने या कामाला उत्तम. लिहिताना टेक्स्ट टूलच्या पर्यायांत ‘लँग्वेज’ या ठिकाणी मराठी निवडावी. ज्या फाँटमध्ये मराठी वळणाच्या ‘ल’ आणि ‘श’ची सोय केलेली असते, त्यांत एवढ्या एका निवडीने ही अक्षरे आपल्या वळणाची होतात. ‘क्षितिज’मध्ये ती नाहीत, पण सवय म्हणून हे आधीच करून टाकावे.

‘क्षितिज’ लिहून अक्षरांची उंची, वेलांटीच्या माथ्यापासून तळापर्यंत, साधारण 500 पिक्सेल होईल असा आकार द्यावा. पुढे दिलेले सगळे आकडे या उंचीसाठी आहेत. अक्षर निम्मे असेल तर आकडेही निम्मे करावेत. दोन अक्षरांमधले अंतर वाढवण्याचा मोह टाळावा. रोमन लिपीत अक्षरे विरळ केल्याने मजकुराला ऐट येते, देवनागरीत मात्र शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात.

ग्रुप : सगळ्या कामाचा पाया

मजकुरावर थेट ब्रश किंवा ग्रेडियंट, म्हणजे एका रंगातून दुसऱ्यात सरकत जाणारी छटा, चालवला की तो मजकूर राहत नाही, त्याचे चित्र होते. एका मथळ्याचे काम मी असेच पूर्ण केले होते आणि शेवटी ऱ्हस्वाच्या जागी दीर्घ वेलांटी पडल्याचे लक्षात आले. पहिल्यापासून सगळे पुन्हा करावे लागले. तेव्हापासून मजकुराचा लेयर शेवटपर्यंत मजकूरच ठेवण्याचा नियम मी मोडलेला नाही.

त्यासाठी ‘लेयर’ मेनूतून एक नवा लेयर ग्रुप तयार करावा, त्याला ‘अक्षर’ असे नाव द्यावे आणि मजकुराचा लेयर ओढून त्याच्या आत न्यावा. ग्रुपच्या आत, मजकुराच्या वर, कॅनव्हासएवढा एक पारदर्शक लेयर घ्यावा. याचे नाव ‘छटा’. लेयरच्या यादीत ‘छटा’वर राइट क्लिक करून ‘कंपोझिट मोड’मध्ये ‘क्लिप टू बॅकड्रॉप’ निवडावे. आता ‘छटा’वर काहीही रंगवले तरी ते फक्त अक्षरांच्या आकारातच दिसेल, कारण ग्रुपच्या आत त्याच्याखाली अक्षरांशिवाय दुसरे काही नाही. ग्रुपचा स्वतःचा मोड, म्हणजे खालच्या थरांत मिसळण्याची पद्धत, ‘पास थ्रू’ ठेवू नये, नाहीतर खालची पार्श्वभूमीही हिशेबात येते आणि छटा सगळीकडे सांडते.

या रचनेचा फायदा असा की रंग, पोत आणि मजकूर आत राहतात, तर उठाव, बाह्यरेषा आणि सावली संपूर्ण ग्रुपवर लागतात. शब्द बदलला तर बाकी सगळे आपोआप त्याच्यामागे येते.

सोन्याची छटा

पिवळा रंग भरला म्हणजे सोने होत नाही. धातूला स्वतःचा रंग असतो तसा आजूबाजूच्या जगाचाही रंग असतो, कारण गुळगुळीत धातू आरशासारखा भोवतालचे प्रतिबिंब दाखवतो. मोकळ्या जागेतल्या धातूवर वर आकाश दिसते, खाली जमीन दिसते आणि मध्ये दोहोंना तोडणारी एक रेषा दिसते. आकाश माथ्याकडे गडद आणि क्षितिजाजवळ फिकट असते. क्षितिज ओलांडले की एकदम गडद जमीन सुरू होते आणि खाली येता येता ती पुन्हा उजळते. ही अचानक होणारी तोड हीच धातूची ओळख आहे. ती नसेल तर सोन्याऐवजी पिवळे प्लॅस्टिक दिसते.

‘छटा’ हा लेयर निवडून, ग्रेडियंट टूल घेऊन आकार ‘लिनिअर’ ठेवावा आणि कंट्रोल कळ दाबून वेलांटीच्या माथ्यापासून अक्षरांच्या तळापर्यंत सरळ उभी रेघ ओढावी. कॅनव्हासवर दिसणाऱ्या या रेषेवरच मधले बिंदू घालता येतात. माथ्यावर 176, 120, 28 हा मध्यम सोनेरी रंग ठेवावा. तोडीच्या लगेच वर 255, 244, 200 हा जवळजवळ पांढरा. तोडीच्या लगेच खाली 110, 68, 12 हा गडद तपकिरी. आणि तळाशी 240, 190, 80 हा उबदार पिवळा. मधले दोन बिंदू एकमेकांना जवळजवळ चिकटलेले हवेत, त्यांच्यात एक टक्क्याचे अंतर पुरे.

ही तोड कुठे आणायची, हा प्रश्न देवनागरीसाठी वेगळा आहे. रोमन अक्षरांसाठी बेतलेल्या सूचना ती बरोबर मध्यावर ठेवायला सांगतात. आपल्याकडे वेलांट्या, मात्रा आणि रफार शिरोरेषेच्या वर जागा घेतात, त्यामुळे एकूण उंचीचा मध्य शिरोरेषेच्या बराच जवळ सरकतो. तोड रेषेला टेकली तर दोन आडव्या रेषा एकमेकींशी भांडतात आणि शिरोरेषा मळकी दिसते. म्हणून शिरोरेषेच्या खालची कड ते अक्षराचा तळ एवढेच अंतर मोजावे आणि त्याच्या मध्याशी तोड आणावी. ‘क्षितिज’मध्ये ती माथ्यापासून साधारण साठ टक्क्यांवर येते, पण आकड्यापेक्षा डोळ्यावर विश्वास ठेवावा.

हवा असल्यास याच ग्रुपमध्ये ‘छटा’च्या वर घासलेल्या धातूचा पोत देता येतो. नवा लेयर 128, 128, 128 या करड्या रंगाने भरावा, ‘नॉइज’ गटातील ‘आरजीबी नॉइज’ लावताना तिन्ही रंगांचा गोंगाट स्वतंत्र ठेवणारा पर्याय बंद करावा, म्हणजे कण रंगीत न होता करडे राहतात. मग ‘ब्लर’ गटातील ‘लिनिअर मोशन ब्लर’ शून्य अंशांत आणि सुमारे 60 पिक्सेल लांबीने चालवावा. या लेयरलाही ‘क्लिप टू बॅकड्रॉप’ द्यावे, मोड ‘ओव्हरले’ करावा आणि ओपॅसिटी, म्हणजे अपारदर्शकता, 25 टक्क्यांवर आणावी. ओव्हरलेमध्ये मध्यम करडा रंग खालच्या रंगाला हात लावत नाही. त्यापेक्षा गडद-फिकट कणच उमटतात, म्हणून सुरुवात करड्यापासून केली.

उठाव

आता लेयरच्या यादीत ‘अक्षर’ हा ग्रुप निवडावा. ‘फिल्टर्स’ मेनूच्या ‘लाइट अँड शॅडो’ गटात 3.0 आवृत्तीपासून ‘बेव्हल’ हा फिल्टर आहे. तो उघडल्यावर खिडकीच्या तळाशी ‘मर्ज फिल्टर’ची खूण नाही ना, हे आधी पाहावे, ती असेल तर इफेक्ट कायमचा मुरतो आणि मग सुधारणेला वाव राहत नाही.

बेव्हलमध्ये तीन गोष्टी महत्त्वाच्या. ‘अॅझिमथ’ म्हणजे उजेड कोणत्या दिशेने येतो, ‘एलिव्हेशन’ म्हणजे तो किती उंचावरून येतो आणि ‘डेप्थ’ म्हणजे उतार किती खोल आहे. पहिल्या आकड्याबद्दल पाठांतर न करता चाक फिरवत राहावे आणि शिरोरेषेची वरची कड तसेच ‘ज’च्या दांड्याची डावी कड उजळली की थांबावे, आपण ठरवलेली वरची, किंचित डावीकडची दिशा तीच. एलिव्हेशन जास्त ठेवले तर उतार सपाट भासतो, अगदी कमी ठेवले तर सावलीकडच्या कडा काळ्याकुट्ट होतात. मधले मूल्य बहुतेक वेळा योग्य ठरते. डेप्थ वाढवताना ‘क्ष’च्या आतल्या गाठीकडे लक्ष ठेवावे. समोरासमोरचे दोन उतार जिथे एकमेकांना भिडतात तिथे मध्ये टोकदार कणा दिसू लागतो. छिन्नीने कोरल्यासारखा परिणाम हवा असेल तर तो मुद्दाम आणावा, पण मऊ, फुगीर सोने हवे असेल तर कणा दिसण्याच्या आधीच थांबावे.

ज्यांच्याकडे 2.10 ही आधीची आवृत्ती आहे, त्यांना ‘मॅप’ गटातील ‘बम्प मॅप’ने हेच साधते : अक्षरांची पांढरी प्रत काळ्यावर घेऊन ती सुमारे 10 पिक्सेलने ब्लर करावी आणि तिला उंचीचा नकाशा म्हणून वापरावे. फक्त तिथे बदल कायमचे होतात, तेव्हा मूळ मजकुराची एक प्रत लपवून बाजूला ठेवावी.

बाह्यरेषा, आणि शिरोरेषेचे सांधे

इथे एक खास आपल्या लिपीची खोड आहे. देवनागरी फाँटमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षराच्या शिरोरेषेवर किंचित चढलेली असते, म्हणून वाचताना रेषा सलग भासते. पण मजकुराचे पाथमध्ये, म्हणजे अक्षरांच्या कडांवरून जाणाऱ्या रेषांमध्ये, रूपांतर करून त्या पाथवरून रेघ ओढली की प्रत्येक अक्षराचा घेर स्वतंत्रपणे गिरवला जातो आणि सलग शिरोरेषेला मध्येमध्ये उभे छेद गेलेले दिसतात. फाँट दोषी नाही आणि सॉफ्टवेअरही नाही. पद्धत चुकीची आहे.

बाह्यरेषा पाथवरून न काढता अक्षरांच्या एकत्रित आकारावरून काढावी, म्हणजे सांधे दिसत नाहीत. गिम्पमधली त्याची सोपी युक्ती म्हणजे ‘ड्रॉप शॅडो’ या फिल्टरलाच बाह्यरेषेच्या कामाला लावणे. ग्रुप निवडून हा फिल्टर उघडावा, आडवे आणि उभे सरकणे शून्य करावे, ‘ब्लर रेडियस’ शून्य करावा, ‘ग्रो रेडियस’ 7 ठेवावा, रंग 60, 34, 6 असा गडद तपकिरी द्यावा आणि ओपॅसिटी 1 करावी. न सरकलेली, न विरघळलेली, चारही बाजूंना 7 पिक्सेल वाढलेली सावली म्हणजेच बाह्यरेषा.

जाडी ठरवताना अक्षरांच्या पोटातल्या पोकळ्या पाहाव्यात. ‘क्षितिज’ला 7 पिक्सेल सोसतात, पण ‘ष’, ‘ब’, ‘द्ध’ किंवा ‘ङ’ असलेल्या शब्दात एवढ्याच जाडीने आतली जागा बुजते आणि अनुस्वार शेजारच्या मात्रेला चिकटतो.

सावली एक नव्हे, दोन

एकाच मोठ्या, मऊ सावलीमुळे अक्षर हवेत तरंगते. वस्तू पृष्ठभागाला जिथे टेकते तिथे सावली अरुंद आणि गडद असते, तर दूर जाईल तशी ती पसरते आणि फिकट होते. म्हणून ‘ड्रॉप शॅडो’ आणखी दोनदा लावावा. पहिल्या वेळी आडवे सरकणे 3, उभे 5, ब्लर 5, ओपॅसिटी 0.6, दुसऱ्या वेळी आडवे 12, उभे 22, ब्लर 35, ओपॅसिटी 0.35. उजेड वरून-डावीकडून आहे म्हणून दोन्ही सावल्या खाली-उजवीकडे जातात, आणि तो जास्त करून वरून आहे म्हणून उभे सरकणे आडव्यापेक्षा मोठे आहे. रंग शुद्ध काळा न घेता पार्श्वभूमीचाच अधिक गडद भाऊ घ्यावा, इथे 8, 10, 18. काळी सावली रंगीत पार्श्वभूमीवर काजळीसारखी दिसते.

इफेक्ट ज्या क्रमाने लावले त्याच क्रमाने मोजले जातात, आणि प्रत्येक पुढचा इफेक्ट आधीच्या निकालावर चालतो. त्यामुळे बेव्हल, मग बाह्यरेषा, मग लहान सावली आणि शेवटी मोठी सावली हा क्रम मोडू नये. सावली आधी आणि बेव्हल नंतर लावला तर सावलीलाही उठाव येतो, आणि तो प्रकार एकदा गंमत म्हणून पाहण्यासारखा असला तरी ठेवण्यासारखा नसतो. लेयरच्या नावाशेजारच्या ‘एफएक्स’ चिन्हावर क्लिक केले की सगळी यादी उघडते. तिथे क्रम बदलता येतो, एखादा इफेक्ट तात्पुरता लपवता येतो आणि आकडे सुधारता येतात.

फोटोशॉपमध्ये

फोटोशॉपमध्ये हे सगळे ‘लेयर स्टाइल’ या एकाच खिडकीत होते, आणि तिथे मजकूर मुळातच सुरक्षित राहतो. ‘बेव्हल अँड एम्बॉस’मध्ये ‘इनर बेव्हल’, ‘ग्रेडियंट ओव्हरले’मध्ये वरचे चार रंग, ‘स्ट्रोक’ची जागा ‘आउटसाइड’ आणि दोन वेगवेगळ्या ‘ड्रॉप शॅडो’ असे साहित्य पुरते. एकाच लेयरला एकापेक्षा अधिक सावल्या देण्याची सोय 2015 च्या आवृत्तीपासून आहे. नावापुढच्या अधिक चिन्हाने दुसरी सावली जोडता येते. ‘यूज ग्लोबल लाइट’ ही खूण बेव्हल आणि सावली दोन्हीकडे ठेवावी, म्हणजे एकीकडची दिशा बदलली की दुसरीकडची आपोआप बदलते. या लेखाचा निम्मा उपदेश त्या एका चौकटीत सामावला आहे.

दोन ठिकाणी सावध राहावे. जोडाक्षरे फुटत असतील किंवा वेलांटी चुकीच्या बाजूला जात असेल, तर प्रेफरन्सेसच्या ‘टाइप’ विभागात दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय किंवा नव्या आवृत्तीत ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ निवडावा आणि परिच्छेदाच्या पॅनेलमध्येही तोच लागू झाला आहे का ते पाहावे. दुसरे, लेयर लहान-मोठा केला तरी स्टाइलचे आकडे बहुधा तसेच राहतात; 500 पिक्सेलच्या अक्षराची बाह्यरेषा 100 पिक्सेलच्या अक्षराला लागली की ते अक्षर उरतच नाही. ‘लेयर स्टाइल’ उपमेनूतील ‘स्केल इफेक्ट्स’ने ते प्रमाणात आणता येते.

निऑन : उजेड आतून आला तर

अक्षर स्वतःच दिवा असेल तर हिशेब उलटतो : बेव्हल नको, दिशा नको, सावली नको. गोलसर टोकांचा, सारख्या जाडीचा फाँट घ्यावा आणि अक्षराला रंग भरताना तो जवळजवळ पांढरा ठेवावा, उदाहरणार्थ 255, 232, 242. इथेच बहुतेक जण चुकतात आणि नळीच गडद गुलाबी करतात. प्रखर उजेडाचा गाभा डोळ्याला पांढराच दिसतो, रंग भोवतीच्या तेजात असतो. ते तेज न सरकणाऱ्या तीन ‘ड्रॉप शॅडो’ने द्यावे, रंग 255, 60, 140 आणि ब्लर अनुक्रमे 6, 25 व 70, ओपॅसिटी उतरती. शेवटी पार्श्वभूमीवर, अक्षरांच्या मागे, त्याच रंगाचा एक मोठा, अगदी पुसट डाग मऊ ब्रशने ‘स्क्रीन’ मोडमध्ये द्यावा, म्हणजे भिंतीवर उजेड पडल्याचा भास होतो.

वळणावरचा मजकूर

कमानीवर मजकूर बसवताना फोटोशॉपचे पाथवरचे टंकलेखन देवनागरीला मानवत नाही. तिथे प्रत्येक अक्षर सरळच राहून फक्त फिरते, त्यामुळे बाहेरच्या वळणावर शिरोरेषेत फटी पडतात. त्याऐवजी ‘वॉर्प टेक्स्ट’मधील ‘आर्क’ वापरावा. तो अक्षरांचा आकारच वाकवतो आणि रेषा सलग राहते. गिम्पमधील ‘टेक्स्ट अलाँग पाथ’ मूळ आकार वाकवतो खरा, पण हातात पाथ देतो, मजकूर नाही. तेव्हा शुद्धलेखन आधी तपासावे, आणि त्या पाथचे सिलेक्शन करून रंग भरावा, त्यावरून रेघ ओढू नये.

तपासणी आणि निर्यात

काम संपल्यावर प्रतिमा 25 टक्के आकारात पाहावी. एवढ्या अंतरावरून शब्द वाचता येत नसेल तर पहिला संशय बाह्यरेषेच्या जाडीवर आणि दुसरा पोतावर घ्यावा. मग सगळ्यांच्या वर एक लेयर करड्या रंगाने भरून त्याचा मोड रंगाची संपृक्तता काढणारा ठेवावा. नुसत्या काळ्या-पांढऱ्यातही अक्षर पार्श्वभूमीपासून सुटे दिसले पाहिजे. वेबवरील सुलभतेचे निकष मोठ्या अक्षरांसाठी किमान 3 : 1 एवढा उजेडाचा फरक मागतात, आणि सोनेरी तोडीचा गडद भाग गडद पार्श्वभूमीवर नेमका तिथेच अडखळतो. तसे झाले तर 110, 68, 12 हा रंग थोडा उजळ करावा.

काम गिम्पच्या स्वतःच्या एक्ससीएफ स्वरूपात जतन करावे, म्हणजे ग्रुप, मजकूर आणि इफेक्ट सगळे जिवंत राहतात. पाठवण्यासाठीची प्रत मात्र ‘एक्सपोर्ट’ने काढावी. मागची पार्श्वभूमी लपवून अक्षरे दुसऱ्या चित्रावर ठेवायची असतील तर पीएनजी घ्यावे, कारण जेपीईजीमध्ये पारदर्शकता नसते आणि सावलीभोवती रंगीत चौकट उरते. छपाईसाठी प्रतिइंच 300 पिक्सेल धरून हिशेब करावा : आपली 2400 पिक्सेलची प्रतिमा 8 इंच रुंदीपर्यंतच नीट छापली जाईल. त्याहून मोठी हवी असल्यास तयार चित्र ताणू नये. एक्ससीएफ फाइल उघडून अक्षराचा आकार वाढवावा, ग्रेडियंट नव्या उंचीला पुन्हा ओढावा आणि बेव्हल, बाह्यरेषा व सावल्यांचे आकडे त्याच पटीने चढवावेत.